घरची हत्यारं आणि पेटंट: कोल्हापूरच्या वर्कशॉपवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरातला लेथवाला असो, शिरोली-गोकुळ शिरगावचा फाउंड्रीवाला असो की घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला वेल्डर, प्रत्येकाकडे दुकानात न मिळणारं एखादं हत्यार असतंच. ते मजबूत कसं करायचं आणि त्यावर पेटंट काढण्यात अर्थ आहे का, हे दोन प्रश्न बहुधा जोडीनंच येतात. आधी बनवण्याचं बघू, मग कागदांचं. फीचे आकडे मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनंतरचे, ऑनलाइन अर्जाचे आणि वैयक्तिक अर्जदाराचे आहेत. भरण्यापूर्वी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

घरी काय बनवावं आणि विकतच काय घ्यावं?

जिग आणि फिक्श्चर (जॉब ठरल्या जागी धरणारी साधनं), पुलर, प्रेस, स्टॉपर, वेल्डिंगचे स्टँड, गो-नोगो गेज हे खुशाल घरी करा. तुमच्या जॉबच्या मापाचं हत्यार बाजारात मिळत नाही आणि मिळालंच तर महाग पडतं.

उचलण्याचं सामान मात्र घरी करू नका. हूक, शॅकल, साखळीचे दुवे विकतच घ्या, तेही वजनाचा शिक्का असलेले. बांधकामाच्या टीएमटी सळईचा वाकवून केलेला हूक आपल्याकडे सर्रास दिसतो. त्या सळईची बाहेरची कातडी कडक असते, रिब्जच्या मुळाशी तडा सुरू होतो आणि वेल्डिंग केलं की शेजारचा भाग आणखी बिघडतो. असा हूक हळूहळू वाकून इशारा देईलच याची खात्री नाही, एकदम तुटू शकतो. ग्राइंडरचं गार्डही असंच. चाक मोठं बसावं म्हणून गार्ड कापलं की धोका सुरू झालाच. १०० मि.मी.च्या अँगल ग्राइंडर डिस्कची मर्यादा ८० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण १५,३०० फेरे असते. १२५ ची डिस्क तेवढीच मर्यादा १२,२५० फेऱ्यांनाच गाठते. लहान मशीनवर मोठी डिस्क फुटते ती याच हिशेबानं. लाकूड कापायचं दातेरी पातं अँगल ग्राइंडरवर लावणं तर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

भंगारातलं पोलाद कसं ओळखायचं?

ग्राइंडरवर धरून ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि कमी फुटणाऱ्या असतात. कानस किंवा बेअरिंगच्या रेससारख्या (रेस म्हणजे गोळ्या ज्यावर फिरतात ती कडी) जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या चाकाजवळच फुटतात, फाटे भरपूर. हायस्पीड पोलादाच्या (ड्रिल वगैरेंच्या) ठिणग्या गडद लाल आणि मोजक्या. बिडाच्या आखूड आणि लालसर. घरात माहीत असलेल्या पोलादाचे तुकडे खडूनं नाव लिहून ठेवा आणि शेजारी धरून तुलना करा. नुसत्या आठवणीवर ओळखायला गेलं की फसायला होतं.

ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे पुलरच्या नखांना उत्तम, पण थंड पाट्यावर सरळ वेल्डिंग मारलं तर टाक्याच्या कडेला तडा जातो, कधी कधी दुसऱ्या दिवशी. २५० ते ३०० अंशांपर्यंत गरम करा, लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड भट्टीत सुकवून वापरा आणि काम झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू निवू द्या. हायड्रॉलिक सिलिंडरचा चकचकीत रॉड आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करण्याआधी वरचा थर घासून काढा. क्रोम आणि जस्ताचा धूर छातीत साठवण्याची गोष्ट नाही.

जुन्या कानशीची छिन्नी केली, पहिल्याच घावात टोक उडालं. का?

पाणी दिलं, म्हणजे लाल करून बुडवून कडक केलं, पण उतरवलं नाही, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी केला नाही, म्हणून. कानस मुळात काचेसारखी कडक असते. आधी ती लाल करून राखेत निववा, म्हणजे घासता येईल. दातांच्या रेघा पूर्ण घासून काढा, कारण प्रत्येक रेघ म्हणजे तयार तडा. धार काढल्यावर टोकाकडचा दीड-दोन इंच भाग चेरी-लाल करा. लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून किंचित गरम, मग पाण्यात उभी बुडवून हलवत राहा. मग टोक पॉलिश पेपरनं चकचकीत करा आणि मागच्या बाजूनं उष्णता देत रंग पुढे सरकताना बघा. फिकट पिवळा म्हणजे साधारण २२० अंश, गडद पिवळा २४०, जांभळा २७०-२८०, निळा ३००. छिन्नीच्या टोकाला जांभळा रंग आला की पाण्यात टाका. घाव झेलणारं डोकं मऊच ठेवा. हल्ली काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात. त्यांची छिन्नी होत नाही, म्हणून आधी तुकडा तोडून आतला दाणा पाहा.

बेअरिंग पुलर घरी केला, पण नट निघून आला. बरोबर पद्धत कोणती?

नट वरच्या अंगाला वेल्ड केलेला असणार. स्क्रू शाफ्टला खाली दाबतो, तेव्हा नट वर ढकलला जातो. नट पट्टीच्या वर असेल तर सगळा भार टाक्यावर येतो. नट शाफ्टच्या बाजूला, पट्टीच्या खाली ठेवा. मग भार पट्टी घेते आणि टाका फक्त नट फिरू नये एवढंच काम करतो.

६२०६ बेअरिंग, म्हणजे आतला व्यास ३०, बाहेरचा ६२ आणि रुंदी १६ मि.मी., डोळ्यांसमोर ठेवून मापं देतो. मधली पट्टी ५० × १६ मि.मी., लांबी १६०. मध्ये १७ मि.मी.चं भोक. नटासाठी ईएन-८ चा (मध्यम कार्बनचं पोलाद) ३२ मि.मी. षट्कोनी बार ३५ मि.मी. लांब कापून १४ चं भोक मारा आणि एम १६ × २ चा टॅप घाला. बाजारातला साधा नट उंचीला कमी पडतो, आटे लवकर जातात. स्क्रूसाठी ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. ८.८ चा एम १६ साधारण ९ टन झेलतो, ४.६ चा जेमतेम साडेतीन. ४०० मि.मी. पान्यावर ५० किलोचा जोर लावला तर स्क्रूवर सुमारे ६ टन येतात. साधा बोल्ट का ताणला जातो, ते यातून कळावं.

बाह्या ईएन-८ च्या ३२ × १६ पट्टीच्या, १५० लांब. ३२ चं माप शाफ्टच्या मध्याच्या दिशेनं यावं, म्हणजे पट्टी उभी ठेवायची. आडवी लावली की नख उघडतं आणि बेअरिंगवरून सटकतं. नख ८ मि.मी. आत, मुळाशी ३ मि.मी.ची गोलाई हवीच. काटकोनी कोपरा हे तुटण्याचं ठरलेलं ठिकाण. दोन्ही बाह्या एका आडव्या बोल्टनं बांधा. स्क्रूचं टोक कातून १० मि.मी.ची बेअरिंगची गोळी शाफ्टच्या सेंटर भोकात बसेल असं करा, ग्रीस लावा.

बेअरिंग पुन्हा वापरायचं असेल तर ओढ आतल्या रिंगवर हवी. बाहेरच्या रिंगवर ओढलं की गोळ्यांच्या खुणा रेसवर उमटतात. मागे नख घालायला जागा नसेल तर दोन अर्धगोल पट्ट्या बोल्टनं जुळवून मागे घाला. घट्ट करून स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एक आखूड टोला द्या. पान्याला पाइप घालून लांबी वाढवण्यापेक्षा हा उपाय चांगला. शाफ्टच्या रेषेत उभं राहू नका, वर जाड पोतं टाका.

२० टनी बाटली जॅकची प्रेस करायची आहे. १०० चं चॅनेल चालेल का?

पायांना चालेल, वरच्या आडव्या तुळईला नाही. दोन्ही पायांतलं अंतर ६०० मि.मी. असेल आणि मध्यावर २० टन आले तर तुळईवर ३० किलोन्यूटन-मीटर वाकण्याचा भार येतो. दोन १०० च्या चॅनेलमध्ये त्यामुळे साधारण ४०० मेगापास्कल ताण होतो. साधं पोलाद २५० लाच सैल पडतं, म्हणजे तुळई वाकणारच. दोन १२५ ची चॅनेलं २२५ पर्यंत जातात. आकड्यात बसतात, पण हातात काही उरत नाही. आयएसएमसी १५० ची (भारतीय मानकाची १५० मि.मी. उंचीची) दोन चॅनेलं पाठीला पाठ लावून घेतली तर ताण १४५ च्या आसपास राहतो. तेच घ्या. किंवा अंतर ४५० वर आणा.

पाय ताणात असतात, म्हणून १०० चं चॅनेल पुरतं. तिथं वेगळीच गोष्ट बिघडते. टेबलाच्या पिनांची भोकं लंबगोल होतात, कारण चॅनेलचं मधलं पान जेमतेम ५ मि.मी. जाड असतं. भोकांच्या ओळीवर १० मि.मी. पट्टी वेल्ड करून मग दोन्ही एकत्र भोका. पिना २५ मि.मी. ईएन-८ च्या. बांधकामाची सळई पिन म्हणून चालत नाही.

साधा बाटली जॅक उलटा चालत नाही, पंपाला तेल मिळत नाही. म्हणून जॅक सरळ ठेवून तो वर ढकलेल अशी सरकती चौकट करा आणि दोन बाजूंना परतीच्या स्प्रिंगा लावा. बेअरिंग दाबताना समोर जाड पॉलिकार्बोनेट किंवा जुन्या कन्व्हेयर बेल्टचा पडदा हवा. फुटलेली रेस डोळ्यांच्याच उंचीवर उडते.

शाफ्टला आडवं भोक दर वेळी तिरकं जातं. जिग कसा करू?

व्ही ब्लॉक, वर आडवी पट्टी, पट्टीत कडक बुश (ड्रिलला वाट दाखवणारी नळी), आणि शाफ्ट पुढे सरकू नये म्हणून एक स्टॉपर. सगळा खेळ बुश व्हीच्या बरोबर मध्यावर येण्याचा आहे. त्यासाठी जिगच्या बुशच्या भोकात बसणारी एक पिन लेथवर कातून तिच्या टोकाला ९० अंशांचा सुळका करा. पट्टी सैल ठेवून पिन खाली उतरवा, सुळका व्हीच्या दोन्ही भिंतींना सारखा टेकला की पट्टी घट्ट करा आणि लगेच दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या घट्ट पिना) मारा. नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवला तर महिनाभरात पट्टी सरकते.

बुश ईएन-३१ चा (बेअरिंगचं पोलाद), ६० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाचं माप) आसपास कडक. लांबी ड्रिलच्या व्यासाच्या दीड ते दोन पट. बुश आणि जॉबमध्ये फट ठेवा. पोलादाला ड्रिलच्या व्यासाच्या अर्ध्यापासून पूर्ण व्यासाइतकी, बिडाला तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत. फट नसेल तर लांब चीप बुशमधूनच वर येते आणि बुश खाऊन टाकते. फार जास्त असेल तर ड्रिल भटकतं, मग जिग करून फायदा काय?

वायपर मोटरवर वेल्डिंगचं टर्नटेबल केलं. बेअरिंगं लवकर खरखरायला लागली.

अर्थिंग बेअरिंगमधून जातंय. करंट गोळ्यांमधून गेला की रेसवर बारीक खड्डे पडतात. फिरत्या ताटाला तांब्याची वेणी किंवा स्प्रिंगनं दाबलेला कार्बन ब्रश लावून अर्थ थेट तिथं द्या.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ६० मि.मी. पाइपचा घेर १८८ मि.मी. आणि वेल्डिंगचा वेग मिनिटाला २५० मि.मी. धरला तर ताट मिनिटाला १.३ फेरे हवं. वायपर मोटर ४०-५० फेरे देते. फक्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनं एवढं खाली आणलं तर मोटर झटके देते. चेन-स्प्रॉकेटनं दोन टप्प्यांत वीस-पंचवीस पट कमी करा आणि उरलेली बारीक फिरवाफिरव रेग्युलेटरवर सोडा.

एवढ्या फाउंड्र्या आहेत, हत्याराची बॉडी ओतूनच घेतली तर?

व्हाइसची बॉडी, बेस, ब्रॅकेट, जिगचं खोकं यांना बीड छान, थरथर शोषतं. पुलरची बाही किंवा क्लॅम्पचा सी-आकार बिडात कधी ओतू नका. बीड दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं. तिथं एसजी आयर्न (ताण झेलणारं, कमी ठिसूळ बीड) ५००/७ मागा. लाकडी पॅटर्न करताना बिडाचं आकसणं साधारण १ टक्का, म्हणजे मीटरला १० मि.मी., आणि मशीनिंगला ३ मि.मी. धरा. जाड-पातळ भाग एकदम जोडले तर जाड भागात पोकळी राहते.

आता मूळ प्रश्न. माझ्या जिगवर पेटंट मिळेल का?

बहुतेक जिगवर नाही. आणि हे आधी ऐकलेलं बरं, पेटंट एजंटची फी दिल्यानंतर ऐकण्यापेक्षा.

पेटंट कायदा, १९७० तीन गोष्टी मागतो: जगात कुठेही आधी जाहीर झालेलं नसावं, त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं नसावं, आणि उद्योगात वापरता यावं. तिसरी अट हत्यार आपोआप पार करतं. पहिलीत बरीच अडकतात. उरलेली जवळपास सगळी दुसरीत जातात. शिवाय कलम ३(एफ) म्हणतं की ओळखीची उपकरणं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर तो शोध नव्हे. कलम ३(डी) नुसार ओळखीच्या यंत्राचा नुसता नवा उपयोगही शोध नव्हे. ड्रिल स्टँडला अँगल ग्राइंडर बांधला, व्हाइसला लोहचुंबक चिकटवलं, पुलरचं हँडल लांब केलं, हे सगळं इथंच थांबतं.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल नेमका वर्कशॉपमधल्या हत्याराचाच आहे. मिरझापूरच्या भांडी बनवणाऱ्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजकडे १९५१ चं पेटंट होतं. लेथवर भांडं नुसतं चकमध्ये धरलं किंवा लाखेसारख्या पदार्थानं चिकटवलं की ते उडायचं, म्हणून टेलस्टॉकच्या (लेथच्या चकसमोरच्या आधाराच्या) बाजूनं फिरत्या टोकानं दाबून धरण्याची ती रचना. सुरक्षित होती, काम वेगानं व्हायचं, फिनिश चांगलं यायचं. तरीही १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात न्यायालयानं पेटंट टिकू दिलं नाही. टेलस्टॉक आणि फिरतं टोक दोन्ही आधीपासून माहीत होतं, आणि सुधारणा ही नेहमीच्या वर्कशॉप सुधारणेपेक्षा जास्त काहीतरी असायला हवी, असं म्हटलं. आपलं हत्यार घेऊन हा निकाल एकदा शांतपणे वाचला तर निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.

मग मिळतं कशाला? भाग जुने असले तरी एकत्र आल्यावर ते एकमेकांवर असं काम करतात की नवाच परिणाम मिळतो, आणि चांगल्या मेस्त्रीलाही तो आधी सांगता आला नसता, तिथं. स्वतःला विचारा: हा त्रास धंद्यात किती वर्षांपासून आहे, आणि इतकी माणसं असताना हे कुणी का केलं नाही? उत्तर ‘कुणाला गरजच नव्हती’ असेल तर केस कच्ची. ‘सगळे उलट दिशेनं प्रयत्न करत होते’ असेल तर पुढे जा.

आधी कुणी केलंय का, हे घरबसल्या कसं शोधायचं?

पेटंट कार्यालयाचं ‘इनपास’, युरोपचं ‘एस्पासनेट’, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं ‘पेटंटस्कोप’ आणि गूगल पेटंट्स. चारही मोफत. नावानं शोधलं तर हाती काही लागत नाही, कारण पेटंटवाले पुलरला पुलर म्हणतीलच असं नाही. वर्गाच्या क्रमांकानं शोधा. व्हाइस, क्लॅम्प, पाने, पुलर हे बी२५बी मध्ये, त्यातलं बी२५बी २७/०६ म्हणजे बुश आणि बेअरिंगच्या रेस काढणं-बसवणं. ड्रिल जिग बी२३बी ४७/२८. मशीनवर जॉब धरणं बी२३क्यू ३. वेल्डिंगमध्ये जॉब धरणं बी२३के ३७/०४. ग्राइंडिंग बी२४बी. ही अक्षरं सर्चमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाकायची. चित्रंच बघत जा, मजकूर नंतर. चीन आणि जर्मनीची युटिलिटी मॉडेलंही बघा. भारतात तसा छोट्या सुधारणांचा स्वस्त हक्क नाही, पण तिथं छापलेलं इथल्या नावीन्याला मारतं.

यूट्यूब, जुने कॅटलॉग आणि मासिकंही आधीचं ज्ञान म्हणून धरली जातात.

मी स्वतःच व्हिडिओ टाकला होता. काय होईल?

तुमचा व्हिडिओही तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. अमेरिकेत वर्षभराची सवलत असते ती ऐकून इथले लोक गाफील राहतात. भारतात कलम ३१ ची १२ महिन्यांची सूट केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी आहे. गावातलं औद्योगिक प्रदर्शन, व्हॉट्सअॅप स्टेटस किंवा पाच गिऱ्हाइकांना केलेली विक्री त्यात बसत नाही. आधी अर्ज, मग व्हिडिओ. दाखवावंच लागलं तर गोपनीयतेचा लेखी करार करून दाखवा.

पाच वर्षं शेडमध्ये गुपचूप वापरतोय, कुणाला माहीत नाही. मग तरी?

इथं लोक हमखास फसतात. कलम ६४ मध्ये अर्जापूर्वीचा गुप्त व्यावसायिक वापर हेही पेटंट रद्द करण्याचं कारण आहे. वाजवी चाचणी किंवा प्रयोग चालतो, पाच वर्षं त्यावर उत्पादन काढणं चालत नाही. अशा हत्यारासाठी गुपित ठेवणं हाच मार्ग उरतो, आणि तो वाईट नाही. हत्यार विकायचंच नसेल, फक्त त्यावर बनलेला माल बाहेर जाणार असेल, तर गुपित २० वर्षांनी संपत नाही. विकायचं असेल तर मात्र पहिला गिऱ्हाईकच ते उघडून बघणार.

खर्च किती?

सरकारी फी: अर्जाला १,६०० रुपये. त्यात ३० पानं आणि १० दावे (क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ती कलमं) येतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि दाव्याला ३२०. तपासणीची विनंती, म्हणजे फॉर्म १८, ४,००० रुपये. मंजूर झाल्यावर तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला वर्षाकाठी ८००, सातव्या ते दहाव्याला २,४००, अकराव्या ते पंधराव्याला ४,८००, सोळाव्या ते विसाव्याला ८,०००. अर्ज आणि तपासणी धरून वीस वर्षांची बेरीज ८२,४०० रुपये. कागदावर अर्ज दिला तर १० टक्के जास्त.

खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्या एजंटचा, आणि आक्षेपांना उत्तरं देण्याचा. तो सरकारी फीच्या कितीतरी पट होतो. म्हणून हिशेब उलटा मांडा: वर्षाला हे हत्यार किती विकलं जाईल आणि नगामागे काय सुटेल? शे-दोनशे नगांचा बाजार असेल तर तो पैसा चांगल्या डायवर आणि पॅकिंगवर घाला.

प्रोव्हिजनल अर्ज म्हणजे काय, त्यात काय लिहायचं?

तारीख राखून ठेवण्याचा अर्ज. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. पूर्ण तपशिलाला पुन्हा मूळ फी लागत नाही. दोन पानं खरडून प्रोव्हिजनल टाकण्याची पद्धत घातक आहे, कारण जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. त्रास काय, आजवरची हत्यारं तिथं का कमी पडतात, तुमच्या रचनेतला प्रत्येक भाग, तो कशाला जोडलाय, भार कुठून कुठे जातो, हे आकड्यांच्या खुणा घातलेल्या चित्रांसह लिहा. पर्यायही लिहा: स्प्रिंगऐवजी कॅम, बोल्टऐवजी पाचर. शेजारी पहिली पळवाट तिथूनच काढतो.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो, मराठीत चालत नाही. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल कार्यालयाकडे. स्वतः भरता येतो, एजंट सक्तीचा नाही, ऑनलाइनला डिजिटल स्वाक्षरी लागते. प्रोव्हिजनल स्वतः आणि दावे मात्र एजंटकडून, ही विभागणी बऱ्याच जणांना परवडते.

पुढे १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत. ही तारीख चुकली तर अर्ज मागे घेतला असं मानतात. आक्षेपांच्या पहिल्या पत्राला सहा महिन्यांत उत्तर. उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग, महिला अर्जदार किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना फॉर्म १८ए वर ८,००० रुपयांत लवकर तपासणी मागता येते.

कल्पना कामगाराची, शेड मालकाची. पेटंट कुणाचं?

कायद्यात अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाला, किंवा त्यानं लिहून दिलेल्याला. पगार दिला म्हणून कल्पना आपोआप मालकाची होत नाही, करार किंवा हस्तांतरणाचा कागद लागतो. मेस्त्रीचं नाव संशोधक म्हणून घाला आणि मोबदला आधीच ठरवा. नाव गाळून काढलेलं पेटंट पुढे त्याच माणसाच्या साक्षीनं पडतं. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून केलेल्या हत्याराच्या बाबतीत पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अटी वाचा.

परदेशी हत्यार व्हिडिओत पाहिलं. तसंच बनवलं तर?

पेटंट देशापुरतं असतं. भारतात अर्जच नसेल, किंवा मुदत संपली, किंवा वार्षिक फी न भरल्यानं ते पडलं असेल, तर बनवायला आणि विकायला मोकळे आहात. इनपासवर स्थिती बघा. भारतात चालू असेल तर ‘फक्त माझ्या शेडपुरतं’ हा बचाव नाही, कारण बनवणं आणि वापरणं दोन्ही हक्कात येतं. प्रयोग, संशोधन आणि शिकवणं यांना कलम ४७ मध्ये सूट आहे.

पेटंट नाही बसत, मग दुसरं काही?

हत्याराचं रूप वेगळं असेल तर डिझाइन नोंदणी. फी १,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात. दिसण्यालाच संरक्षण, काम करण्याच्या पद्धतीला नाही, आणि इथंही आधी विकलं-दाखवलं असेल तर संपलं. नावाला ट्रेडमार्क. कोल्हापुरात माल नावावर जातो, त्यामुळे छोट्या हत्यारवाल्याला ट्रेडमार्क बहुधा पेटंटपेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि दुसऱ्यानं पेटंट काढून तुम्हालाच अडवू नये एवढंच हवं असेल तर तारखेसह सगळं छापून मोकळे व्हा. एकदा जाहीर झालं की त्यावर कुणालाच पेटंट मिळत नाही.

खर्चाला मदत कुठून?

शिक्षण-संस्थेचा आधार नसलेल्या कारागिरांसाठी गांधीनगरजवळचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन. कल्पना नवी वाटली तर पेटंटचा अर्जही तेच करून देतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला केंद्राच्या योजनेतून एजंट मिळतो, फक्त सरकारी फी भरायची. उद्यम नोंदणी असलेल्यांना एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत भारतीय पेटंटला १ लाखापर्यंत परतफेड आहे, पण पेटंट मंजूर झाल्यावर. योजना चालू आहे ना, हे आधी विचारा.

शेजाऱ्यानं कॉपी केली तर?

पेटंट मंजूर होईपर्यंत कोर्टात दावा लावता येत नाही. मंजूर झाल्यावर अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासूनचं नुकसान मागता येतं. दावा जिल्हा न्यायालयात. समोरच्यानं ‘हे पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा टाकला, आणि तो टाकतोच, की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतं, त्यामुळे अंतर कमी झालं, खर्च झाला नाही. म्हणून पहिली नोटीस पाठवण्याआधी आपलंच पेटंट वर सांगितलेल्या मिरझापूरच्या कसोटीवर एकदा घासून बघा.

नुसतं ‘पेटंटेड’ छापलं तर कोण बघतंय?

प्रतिस्पर्धी बघतो. खोटं ‘पेटंटेड’ किंवा अर्ज नसताना ‘पेटंट पेंडिंग’ छापणं हा कलम १२० चा भंग आहे. जनविश्वास कायद्यानंतर दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि चालू ठेवलं तर दिवसाला १,००० रुपये वेगळे. अर्ज पडला किंवा मुदत संपली की डायवरून ती अक्षरं घासून काढा, आणि जुने स्टिकर गोडाऊनमध्ये उरलेत का तेही बघा.